अठ्ठावीस पॉइंटचं पान: ई-बुक रीडर घेऊन देवळा आणि मालेगाव

घडलं ते असं:

१. शनिवारी सकाळी नाशिकहून देवळ्याला मामांकडे गेले. सोबत त्यांच्यासाठी घेतलेला ई-बुक रीडर होता.
२. रविवारी मालेगावला जाऊन मामांच्या पुस्तकाची मूळ फाईल उघडली आणि रीडरच्या मापाची करून घेतली.
३. त्याच संध्याकाळी मामांनी ती वाचायला घेतली. दुसऱ्याच ओळीला थांबले.
४. सोमवारी मी नाशिकला परत आले. रीडर देवळ्यात आहे आणि व्यवस्थित चालतो.
५. पुस्तक वाचता येत नाही.

ज्यांच्या घरी जुन्या पुस्तकांचं कपाट आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं. बाकीच्यांना रीडर घेण्याबद्दलची माहिती लगेच खाली मिळेल.

मामा निवृत्त शिक्षक. दोन्ही डोळ्यांची मधली नजर जात चालली आहे. कडेचं दिसतं, समोरचं विरतं. डॉक्टरांनी सांगितलंय, अक्षर मोठं असेल तर अजून काही महिने वाचता येईल. पुढचं सांगता येत नाही. मामांना एकच पुस्तक वाचायचंय. त्यांनी स्वतः जमवलेलं. त्यांच्या आईच्या तोंडचे अहिराणी शब्द आणि म्हणी, सोबत मराठीत अर्थ. पूर्वी थोड्या प्रती छापल्या होत्या, त्या सगळ्या वाटून झाल्या. शेवटची प्रत कुणीतरी ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून नेली. असे लोक प्रत्येक गावात असतात.

तर रीडर. कागदासारख्या पडद्याचा, परदेशातून मागवावा लागणारा, सुमारे चौदा हजारांना पडतो. इंटरनेटवर त्याचं फार कौतुक चालतं: हुबेहूब कागद वाटतो म्हणे. मामांना कागदच दिसत नाही. शिवाय मराठी मजकूर टाकला की त्यावर चौकोन येतात. हे कौतुक करणाऱ्यांपैकी एकानेही लिहिलेलं नाही, कारण एकानेही मराठी मजकूर टाकून पाहिलेला नाही. दुसरा चिनी बनावटीचा, उजेडाच्या रंगीत पडद्याचा, पाच हजार दोनशे. बॅटरी चार तास. मी तो घेतला. अंधूक नजरेला मागून उजेड लागतो, एवढंच कारण.

दुकान महात्मा गांधी रोडवर. विक्रेत्याने खोकं माझ्यापुढे धरलं.

“दहा फॉरमॅट चालतात मॅडम. लिहिलेलंच आहे.”

मी रीडरमध्ये माझं मेमरी कार्ड घातलं. त्यावर एक छोटी फाईल असते: किल्ला, दऱ्या, श्रद्धा, सूर्य. हे चार शब्द नीट आले तर बाकीचं येतं. इथे ‘किल्ला’ची वेलांटी क सोडून ल वर जाऊन बसली होती आणि ‘सूर्य’चा रफार सुटून पडला होता.

“वाचा,” मी म्हटलं.

त्याने वाचायचा प्रयत्न केला, हे मान्य केलं पाहिजे. मग म्हणाला, “मराठी कोण वाचतं हो याच्यावर? इंग्लिश टाका, मक्खन चालेल.”

“ज्या बाईंचं पुस्तक आहे त्यांना इंग्लिश येत नव्हतं.”

“मग त्यांना टीव्ही घेऊन द्या ना मॅडम!”

दहा फॉरमॅटपैकी मराठीच्या कामाचा एकच, पीडीएफ. त्यात अक्षरं फाईलसोबतच येतात, यंत्राला मराठी यावं लागत नाही. पण पुस्तकाच्या मापाची पीडीएफ या पडद्यावर मुंगीएवढी दिसते, आणि मोठी केली तर ओळ वाचायला पान डावी-उजवीकडे ओढत बसावं लागतं. उपाय: पानच पडद्याएवढं करा. नऊ बाय बारा सेंटिमीटर, अक्षर हवं तेवढं मोठं, मग पीडीएफ. हे कुठल्याही खोक्यावर लिहिलेलं नसतं. लिहून घ्या.

शनिवारी सकाळी ठक्कर बाजारहून सटाण्याची एसटी. वाटेत देवळा लागतं, साधारण अडीच तास. पिंपळगावपर्यंत हायवे उकरून ठेवला होता. चौपदरी होणार आहे, असं मी शाळेत असल्यापासून ऐकते. चांदवडला गाडी दहा मिनिटं थांबते, चहा घेऊ नये. पुढे भावडबारीचा घाट. त्यावर लोक ‘नयनरम्य’ लिहितात. वळणं आहेत, पुढे कांद्याचा ट्रॅक्टर आहे आणि ट्रॅक्टरच्या मागे आपण आहोत, एवढंच नयनांना दिसतं.

देवळ्यात मामा फाटकापाशी उभे होते. मान थोडी तिरकी करून माणसाकडे बघतात आता, म्हणजे कडेच्या नजरेत चेहरा येतो.

दुपारी अक्षराचं माप ठरवलं. माझे तेच चार शब्द मी वीस, चोवीस, अठ्ठावीस, बत्तीस अशा मापांत एकेका पानावर करून नेले होते. वीस त्यांना दिसेना. चोवीसला अडखळले. अठ्ठावीसला सरळ वाचलं.

“किल्ला, दऱ्या, श्रद्धा, सूर्य,” मामा म्हणाले. “आणि पुढं? राजाचं काय झालं?”

“पुढं काही नाही मामा. चाचणी आहे.”

“एवढं पाच हजाराचं आणलं आणि गोष्ट चार शब्दांची?”

मामी आतून म्हणाल्या, “तिच्या मानानं चार म्हणजे लय झाले.”

पुस्तकाची ‘सॉफ्ट कॉपी’ मला मामेभावाने पुण्याहून ईमेलने पाठवली होती. ‘आहे ना सॉफ्ट कॉपी, मग प्रॉब्लेम काय’, असं सोबत. प्रॉब्लेम हा की ती उघडली तर इंग्रजी अक्षरांवर टोप्या आणि शेपट्या. त्या काळी डीटीपीवाल्या प्रत्येक कंपनीची मराठी वेगळी. एकीचा ‘क’ दुसरीला ‘ढ’. आणि तो फॉन्ट चालायला डोंगल लागतं. आगपेटीएवढा तुकडा, प्रिंटरच्या जागी मागे लावायचा. तो नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. मामांच्या पुस्तकाचं डोंगल मालेगावात, ज्यांनी पुस्तक जुळवलं त्या रफिकभाईंकडे.

रविवारी सकाळी काळीपिवळी जीपने सौंदाणे, तिथून दुसरी जीप मालेगाव. पुढच्या सीटचे पैसे जास्त देऊ नका, तिथेही चौघे बसवतात. मालेगावात सुट्टी शुक्रवारी असते, त्यामुळे रविवारी सगळं उघडं. गल्लीत शिरलं की यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो आणि संपत नाही. दोन दुकानांमध्ये उभं राहून फोनवर बोलता येत नाही, हा या गावाचा मला जाणवलेला एकमेव सद्गुण.

रफिकभाई आता लग्नपत्रिका आणि साड्यांच्या खोक्यांची लेबलं करतात. कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर, वर प्लास्टिकचं आवरण. त्याची काळजी ते म्हाताऱ्या माणसासारखी घेतात.

“ही मशीन मेली की डोंगल गया, डोंगल गया की मराठी गई,” ते म्हणाले. “बंद करताना भी डर लागतो मॅडम. मास्तरांचं काम म्हणून चालू करतो.”

मामेभावाने पाठवलेली तीच फाईल उघडली. माझ्या सांगण्याप्रमाणे त्यांनी पान नऊ बाय बारा केलं, अक्षर अठ्ठावीस, समास जेमतेम. ऐंशी पानांचं पुस्तक चारशेच्या वर गेलं. पीडीएफ झाली. मी रीडरवर टाकून तपासली. पहिलं पान, मधलं एक, शेवटचं. रफार जागेवर, वेलांट्या जागेवर, ओळी तुटलेल्या नाहीत.

“एकदा वाचून घ्या ना,” रफिकभाई म्हणाले. “वाटलं तर चाय मागवतो.”

“फाईल बरोबर उघडली आहे, रफिकभाई. वाचायचं काम मामांचं.”

“तुम्ही पहिल्यापासून अशाच,” ते हसून म्हणाले. याचा अर्थ मी विचारला नाही. मला चारची जीप गाठायची होती.

हायवेवर एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. तिखट, तेलकट, उत्तम. या प्रवासात ज्याची शिफारस करावी असं हे एकच.

संध्याकाळी मामा ओट्यावर खुर्ची टाकून बसले. रीडर हातात, मान तिरकी. प्रस्तावना सोडून थेट म्हणींवर गेले. मोठ्याने वाचायला लागले आणि दुसऱ्याच ओळीला थांबले. पडदा लांब धरला. जवळ धरला. चष्मा पुसला.

“काय झालं?” मामींनी विचारलं.

“काही नाही,” मामा म्हणाले. थोड्या वेळाने, हळू आवाजात: “डॉक्टर म्हणले होते ना. मधलं दिसेनासं झालं की मेंदू मनानंच अक्षरं भरतो. भरायला लागला वाटतं.”

“म्हणजे?”

“जिथं तिथं ‘आहे’ दिसतंय. शब्दाच्या तोंडाशीच. आईची म्हण शे... ‘शेजारीन शेवगा देस, शेंगा मोजी लेस.’ मले पाठ शे ती. आणि दिसतंय काय...” रीडर उलटा करून मांडीवर ठेवला.

मी तो घेतला. पडद्यावर लिहिलं होतं: आहेजारीन आहेवगा देस, शेंगा मोजी लेस.

पुढचं पान उलटलं. आहेळी. आहेण. आहेतकरी.

मला कारण कळायला एक मिनिटही लागलं नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत मी मालेगावला मामांसोबत गेले होते. दुसरी आवृत्ती काढायचं चाललं होतं. अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. मला तेव्हा ते पुस्तकात बरं दिसत नव्हतं. मामा बाहेर चहाला गेले, रफिकभाई प्रिंटरशी झटत होते, आणि मी शोधा-बदला चालवलं. शे: आहे. मना: माझा. नही: नाही. आणखीही काही शब्द होते, ते आठवत नाहीत. ‘पूर्ण शब्द’ या चौकटीवर खूणही केली होती. पण त्या फॉन्टमध्ये ‘शे’ हे अक्षर नव्हतं, तीन खुणा होत्या, आणि मात्रेची खूण इंग्रजी अवतरणचिन्हाच्या जागी बसवलेली. सॉफ्टवेअरला वाटलं, तिथे शब्द संपला. शेंगा वाचल्या, कारण मात्रा आणि अनुस्वार मिळून तिथे वेगळी खूण होती. मी फाईल जतन केली. दुसरी आवृत्ती निघाली नाही. कुणी पाहिलं नाही.

पाच हजारांचं यंत्र, विक्रेता, मामेभाऊ, सगळ्यांची चाचणी मी घेतली होती.

“मामा, तुमचे डोळे बरोबर वाचतायत,” मी म्हटलं. “तिथे तसंच लिहिलंय. मी केलंय ते.”

सांगितलं सगळं. ‘बरं दिसत नव्हतं’ हेही. मामा म्हणाले, “म्हणजे डोळे नाहीत?”

“नाहीत.”

“नक्की?”

“शब्दन् शब्द बरोबर वाचला तुम्ही.”

त्यांनी श्वास सोडला. त्यांना आधी एवढंच हवं होतं. नंतर मात्र मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुले अहिराणी बोलता येत नही, पण सुधारता येस!”

मामींनी ताट वाढताना हाक मारली, “चला, या जेवायला. आहेवभाजी झाली!” मामा हसले. मी हसले नाही, पण जेवले.

सोमवारी पहिल्या गाडीने नाशिक. गाडीत मी हिशोब केला की फाईल यंत्राने परत सुधारता येईल का. ‘आहेवगा’ सापडेल. पण अर्थातलं खरं ‘आहे’ आणि म्हणीतलं माझं ‘आहे’ यात यंत्र फरक करू शकत नाही, आणि जे शब्द मी बदलल्याचं मलाच आठवत नाही ते शोधणार कशाने? मामांना म्हणी पाठ आहेत, सगळ्या नाहीत. म्हणूनच तर लिहून ठेवल्या होत्या.

रीडरबद्दल माझं मत: या पैशात हाच घ्या, चार शब्दांची फाईल सोबत न्या, पान नऊ बाय बारा ठेवा. आणि जे वाचायला देणार आहात ते आधी स्वतः वाचा. हे शेवटचं कुठल्या फोरमवर सापडणार नाही, तिथे कुणी वाचत नाही.

आता मुद्दा. मला पहिल्या आवृत्तीची एक प्रत हवी आहे. मामांचं नाव मी ब्लॉगवर टाकत नाही. पुस्तक ऐंशी पानांचं, निळ्या पुठ्ठ्याचं, वर पाटा-वरवंट्याचं रेखाचित्र, आत अहिराणी शब्द आणि म्हणी. देवळा, सटाणा, मालेगाव भागात शाळांतून आणि लग्नांतून वाटलं गेलं होतं. तुमच्या किंवा तुमच्या आजोळच्या कपाटात असेल तर पाहा. प्रत परत करीन. द्यायची नसेल तर पानांचे फोटो चालतील. पान सपाट धरा. कुणी समासात काही लिहिलं असेल तर तेही तसंच राहू द्या.

येत्या पंचवीस तारखेला मामांच्या डोळ्यात नाशिकला इंजेक्शन आहे. त्याने नजर थांबेल किंवा नाही, डॉक्टर सांगत नाहीत. पुस्तक नव्याने टाइप करायला मला दहा दिवस लागतील, वाचायला त्यांना तीन-चार. कृपया दहा तारखेपर्यंत खाली उत्तर लिहा. प्रत नसेल, पण कुणाकडे आहे हे माहीत असेल, तरी लिहा.