एका नावाचं एकच जहाज

चाकणजवळच्या महाळुंग्यातल्या आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चहा पाऊण कपच मिळतो. कॅन्टीनचे कागद आणि तक्रारवही माझ्या टेबलावर असतात म्हणून सांगते, गेल्या सात वर्षांतल्या निम्म्या तक्रारी याच एका गोष्टीच्या आहेत. कॅन्टीन चालवणारे ज्योतीराम शेवाळे प्रत्येक तक्रार शांतपणे वाचतात, खाली सही करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊण कपच भरतात. एकदा मी वैतागून विचारलं, तर म्हणाले, "मंजुषा मॅडम, भरलेला कप हिंदकळतो."

मी म्हटलं, "दादा, महाळुंग्यात लाटा येत नाहीत."

"मला म्हाईत हाय. हाताला कोण सांगणार?"

दादा मूळचे माण तालुक्यातले, जिथं टँकर आला की सगळा गाव गोळा होतो. तिथला हा माणूस विसाव्या वर्षी नौदलात आचारी म्हणून भरती झाला आणि पंधरा वर्षं पाण्यावर राहिला. त्यातली नऊ वर्षं 'चंद्रगिरी' नावाच्या युद्धनौकेवर. दोन हजार नऊ साली नौका निवृत्त झाली आणि त्याच वर्षी दादाही. नौका भंगारात गेली आणि तुम्ही चाकणला आलात, असं मी एकदा गमतीनं म्हणाले, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

इथं आल्यावर त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, कुसुमताईंनी, रस्त्याकडेला पोह्यांची गाडी टाकली. गाडीवर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'चंद्रगिरी'. नाव दादांचं, पण पहाटे उठून पहिल्या शिफ्टच्या आधी गाडी लावायची, उनाड पोरांना दमात घ्यायचं, सुपरवायझरांशी गोड बोलून कंपनीच्या आत शिरायचं, हे सगळं कुसुमताईंचं. आज तीन कंपन्यांची कॅन्टीनं त्यांच्याकडे आहेत. कोणाही कामगाराला विचारा, तो 'शेवाळे' म्हणणार नाही, 'चंद्रगिरीचं जेवण' म्हणेल.

दादांचं स्वयंपाकघर म्हणजे बघण्यासारखी गोष्ट आहे. फळीवरची पातेली दोरीनं बांधलेली, सुऱ्या खाचेत, झाकणांना कड्या. नव्या माणसाला आधी गाठ मारायला शिकवतात, मग बटाटे सोलायला देतात. या घराला भूकंपाचासुद्धा धक्का लागायचा नाही.

या जुलैमध्ये देहूरोडहून बुद्धरत्न भाऊंचा फोन आला. हे त्याच नौकेवरचे दादांचे जुने सोबती. नवी 'चंद्रगिरी' बांधून तयार झाली होती, ऑक्टोबरमध्ये ती मुंबईत नौदलात दाखल होणार होती आणि जुन्या नौकेवरच्या लोकांना सहकुटुंब आमंत्रण होतं. दादांनी तिन्ही शिफ्टना शिरा वाटला. पन्नाशी ओलांडलेला माणूस इतका हरखलेला मी पाहिला नव्हता. मलाही उगाचच छान वाटलं.

आठवड्याभरानं ते माझ्या टेबलाशी आले आणि विचारलं, "कॅन्टीनचं नाव बदलायचं तर काय काय कागद लागतील?"

मी पेन खाली ठेवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. नौदलात नाव जहाजाबरोबर मोडीत निघत नाही, ते पुढच्या जहाजाला मिळतं. सगळ्यात पहिली चंद्रगिरी गेली, मग यांची आली. यांची गेली, आता तिसरी येतेय. पण एका वेळी एका नावाचं एकच जहाज असतं. तिसरी पाण्यात असताना महाळुंग्यात त्याच नावाची पाटी ठेवणं त्यांना चोरीसारखं वाटत होतं.

"दादा, चाकणच्या रस्त्यावर 'जय मल्हार' नावाची पाच हॉटेलं आहेत. एकही बुडालेलं नाही."

ते हसले नाहीत. तेवढ्यात कुसुमताई आल्या. त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं.

"आवं, ते जहाज समुद्रात, आपण हितं. कुठं धडकणार हायती दोघं?"

"धडकायचा प्रश्न न्हाय. नाव आपलं न्हाय, कुसुम."

"मग माझी सोळा वर्षं कुणाची?"

प्रश्न नुसत्या पाटीचा असता तर मीही हसून सोडून दिलं असतं. पण त्याच वेळी चौथ्या, मोठ्या कंपनीचं काम ठरत आलं होतं. कुसुमताई आठ महिने त्यामागे होत्या. चव पाहून झाली होती, तपासणी झाली होती, सगळे कागद 'चंद्रगिरी'च्या नावानं गेले होते. मी सरळ त्यांची बाजू घेतली. निदान हे काम पदरात पडू द्या, मग काय ते करा, असं दादांना परोपरीनं सांगितलं. ते म्हणाले, "जहाज थांबणार हाय का आपल्यासाठी?" आणि अर्ज देऊन आले.

व्हायचं तेच झालं. त्या कंपनीनं फाइल परत पाठवली. नाव बदललं म्हणजे तपासणी पहिल्यापासून, आता पुढच्या वर्षी या. कुसुमताई चार दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. मीठ हवं असेल तर तोही निरोप भांडी घासणाऱ्या मावशींमार्फत जायचा. मला दादांचा मनापासून राग आला होता, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं.

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी दादांनी कॅन्टीनच्या दारावरची ती निळी पाटी खरवडायला रंगाऱ्याला बोलावलं. कुसुमताईंनी त्याला दारातूनच परत लावलं. मला वाटलं, आता भांडण. पण त्या म्हणाल्या, "उतरवायचीच तर रीतीनं उतरवा. तुमच्या जहाजाचा झेंडा कसा उतरवला ते मला शंभर वेळा सांगितलंय. माझी पाटी काय भंगारातली हाय?"

म्हणून त्याच दिवशी सूर्य मावळताना, पहिली शिफ्ट सुटून गेलेली आणि दुसरी कामावर असताना, कॅन्टीनची चौदा माणसं अंगणात रांगेत उभी राहिली. फोर्कलिफ्टवाले कुतूहलानं थांबले. त्यांतल्या दोघांनी पाटीला बांधलेल्या दोऱ्या सैल करत ती हळूहळू खाली घेतली. मी अशा प्रसंगी हसू दाबणारी बाई, पण त्या दिवशी हसू आलंच नाही. पाटी कुसुमताईंनी हातात घेतली, पदरानं पुसली आणि गोण्यांच्या खोलीत नेऊन ठेवली. त्यांचे डोळे कोरडे होते, चेहरा मात्र घरातलं माणूस पोचवून आल्यासारखा.

मुंबईला त्या गेल्या त्या फुगूनच. पुढचं मला त्यांनी परत आल्यावर सांगितलं. बँड झाला, भाषणं झाली, झेंडा चढला. मग बीडची सायली नावाची एक तरुण नौसैनिक यांना नौका दाखवायला घेऊन गेली. दादा तिला भटारखान्यातल्या वाफेच्या भांड्यांबद्दल इतकं विचारत राहिले, की तिची दमछाक झाली. कुसुमताई कंटाळून बाहेरच्या बोळात थांबल्या.

तिथं भिंतीवर एक लाकडी फळा होता. त्यावर पितळेच्या अक्षरांत तिन्ही चंद्रगिरींची नावं, एकाखाली एक, आणि पुढे दाखल होण्याचं आणि निवृत्तीचं साल. पहिलीचं. मग दुसरीचं, शेवटी दोन हजार नऊ. त्याखाली तिसरीचं, यंदाचं. कुसुमताईंनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मग आत जाऊन नवऱ्याला दंडाला धरून बाहेर आणलं आणि दुसऱ्या व तिसऱ्या ओळीच्या मधल्या रिकाम्या लाकडावर बोट ठेवलं.

"ह्या मधल्या सोळा वर्षांत ह्या नावाचं जहाजच नव्हतं," त्या म्हणाल्या. "तवा नाव कुणी चालवलं?"

दादांनी त्या रिकाम्या लाकडावरून बोट फिरवलं. नौदलाच्या रीतीभातीबद्दल कोणी काही बोललं की त्यात चूक काढायची दादांची खोड, आताही काहीतरी दुरुस्त करतील असं कुसुमताईंना वाटलं.

"आपण," दादा म्हणाले, आणि रडायला लागले.