येना मुक्कामी अमेरिकन कार्डिनल

जर्मनीत तोंड न उघडता करता येईल असा एकच छंद मला सापडला होता, आणि तो मी स्वतःच्या हातानं घालवला.

येनामध्ये मी भिंगांवर संशोधन करते. भिंगांशी बोलावं लागत नाही, म्हणून आमचं बरं चाललंय. दुकानात ब्रेड घेताना मात्र मी आधी मनात वाक्य जुळवते (ते जुळेपर्यंत मागचा माणूस ब्रेड घेऊन गेलेला असतो). अशात खालच्या मजल्यावरचे हेर क्राउझे ('हेर' म्हणजे इथलं 'श्रीयुत') मला रविवारच्या पक्षीनिरीक्षणाला घेऊन गेले. दहाबारा माणसं, गळ्यात दुर्बिणी, आणि दोन तास कुणी चकार शब्द काढत नाही! कुणी बोललंच, तर बाकीचे रागानं बघतात. मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

थंडी सरता सरता आई-बाबा आले. इथून पुढे ते ताईकडे ओहायोला जाणार होते. तिथले जावई पक्ष्यांचे दर्दी. मागे व्हिडिओ कॉलवर बाबा त्यांच्या अंगणातल्या ब्लू जेला 'निळा कावळा' म्हणाले आणि जावई हसले. (तो खरंच कावळ्याच्या कुळातला आहे. पण मी बोलले नाही. मी बोलत नाहीच.) ते हसू बाबांना फार लागलं. त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांचं अ‍ॅप घेतलं आणि रोज सकाळी माझ्या बाल्कनीत, फोनचा आवाज पूर्ण वाढवून, घोकंपट्टी सुरू केली. कार्डिनल त्यांचा सर्वांत लाडका. तो 'ये रे, ये रे, इकडे-इकडे-इकडे' म्हणतो, असं त्यांनी बसवलं होतं. मग घसा खाकरून माझी तोंडी परीक्षा.

"सई, ओळख."

"कार्डिनल."

"नर की मादी?"

"दोघंही गातात, बाबा."

"शाब्बास. नराचं रूप?"

"लालभडक. डोक्यावर तुरा."

"अहो, तुमची शाळा आवरा आता," आई आतून म्हणायची, "कुकर झालाय."

मे महिन्यात ते ओहायोला गेले आणि घर शांत झालं. दुसऱ्याच रविवारी, सकाळी, समोरच्या झाडातून आवाज आला. ये रे, ये रे, इकडे-इकडे-इकडे. बाबा अमेरिकेत, त्यांचा फोन अमेरिकेत. म्हणजे झाडावर कार्डिनल! मी आवाज रेकॉर्ड केला आणि पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपवर आयुष्यातला पहिला मेसेज टाकला.

हेर क्राउझे पायजम्यातच दारात. पाहिलास का, त्यांनी विचारलं. 'नाही, पानांमुळे दिसला नाही, फक्त ऐकला' असं सांगायला पूर्ण वाक्य लागलं असतं. मान हलवायला काहीच लागत नाही. मी मान हलवली. लाल होता? हलवली. तुरा? ती आता थांबेचना.

दोन-तीन तासांत आमचं अंगण भरलं. एक गृहस्थ ड्रेस्डेनहून उपाशीपोटी गाडी हाकत आले, सोबत तोफेएवढी दुर्बीण. जहाजावर बसून समुद्र ओलांडला असेल, असं कुणीतरी कुजबुजलं; त्याला गप्प केलं गेलं. सगळे श्वास रोखून उभे. आणि तो गायला. एका आजींनी डोळे पुसले, दुसरीनं माझा हात दाबला. मला वाटलं, जर्मनीत येऊन आपण काहीतरी केलं.

मग पक्ष्यानं घसा खाकरला. हुबेहूब बाबांसारखा.

आणि पाठोपाठ कुकरच्या शिट्ट्या दिल्या. व्यवस्थित, तीन!

तोफ वळली. फांदीच्या टोकावर काळा, ठिपक्याठिपक्यांचा पक्षी मान फुगवून बसला होता. "श्टार," हेर क्राउझे खोल आवाजात म्हणाले. श्टार म्हणजे आपल्या साळुंकीचा इथला भाऊ. कानावर पडेल ते उचलतो. त्याची बाबांकडे तीन महिने शिकवणी झाली होती.

ड्रेस्डेनच्या गृहस्थांनी मला हळूच विचारलं, गाणं समजलं, पण ती शिट्टी कुणाची? आता मान हलवून भागणार नव्हतं. मी मनात वाक्य जुळवायला घेतलं, पण अख्खं अंगण माझ्याकडे बघत होतं.

"माझी आई," मी म्हणाले.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते घसा खाकरून म्हणाले, "सूर बरोबर लागला होता ना त्याचा?"

आता ग्रुपमधून नाव जाणार, याची मी खात्री धरली होती. झालं त्याहून वाईट. आता सगळे माझ्याशी बोलतात. कालच्या रविवारी तर ड्रेस्डेनचे गृहस्थ पूर्ण दोन तास माझ्या शेजारून चालत होते. शिट्टीचा कुकर नेमका कसा लावतात, हे त्यांना पाण्याच्या मापासकट हवं होतं. मी सांगत राहिले, पक्षी एकेक करून उडून गेले, आणि बाकीचे सगळे रागानं बघत होते. त्यांच्याकडे नाही. माझ्याकडे!