त्रिकोण सरांचा स्फटिक

हैदराबादला आमच्या भौतिकशास्त्र विभागात त्यांना सगळे त्रिकोण सर म्हणत. नवा विद्यार्थी आला की सर कागदावर त्रिकोण काढत आणि दोन टोकांना उलटसुलट बाण. "हे अणूंचे चुंबक. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचंय. दोघांचं जमलं. तिसऱ्यानं काय करावं, बोल?" उत्तर नव्हतंच. असे अडलेले चुंबक कितीही थंड केले तरी सहजी स्थिरावत नाहीत, आणि त्यांच्यामधून जाणारे इलेक्ट्रॉन अडखळत राहतात. सरांचं सारं आयुष्य त्या अडखळण्यामागे गेलं.

सर मूळचे नांदेडकडचे, घर हैदराबादेतच, जामबागला. "घाई नक्को" म्हणायचे, तेवढंच त्यांचं रागावणं. आलेख फार सुबक आला तर म्हणत, "जास्तच गोड आहे. पुन्हा मोज."

माझ्या पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, असेच अडलेले चुंबक असलेल्या एका स्फटिकानं आम्हाला हवं तेच अडखळणं दाखवलं. थंड करत गेलो तसा त्याचा विद्युतरोध आधी उतरला आणि मग एकदम चढला. शोधनिबंध छापून आला. सरांच्या बढतीचा सारा भार त्याच्यावरच होता. नंतर एकदा तोच स्फटिक मी सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात केसाएवढी चीर. थंडीत ती रुंदावत होती, म्हणून रोध चढत होता. अखंड तुकडे मोजले. चढ नव्हता.

अकरा दिवस मी गप्प राहिले. बाराव्या दिवशी सांगितलं. सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकावर वाकून होते. "हौ, चीर आहे," एवढंच म्हणाले. त्याच दुपारी त्यांनी निबंध मागे घेण्याचं पत्र लिहिलं. बढती हुकली ती हुकलीच. सर होते त्याच पदावरून निवृत्त झाले.

काही वर्षांनी, त्याहून कितीतरी खालच्या तापमानाला, निर्दोष स्फटिकांत मला खरा चढ सापडला. लहानसा, पण पुन्हा पुन्हा येणारा. तोवर सरांनी अंथरूण धरलं होतं. मी आलेख घेऊन जामबागला गेले. त्यांनी रेघेवरून सावकाश बोट फिरवलं.

"छान," म्हणाले. मग थांबून, "तेव्हा तू लगेच का नाही आलीस गं?"

"भीती वाटली, सर."

"माझी?"

मी नकारार्थी मान हलवली.

"बढतीचं मला काही नाही," सर म्हणाले. "पण तू इतके दिवस एकटी घाबरत बसलीस, ते मनातून जात नाही."

पुढच्या आठवड्यात सर गेले. भीती कशाची होती, याचं मी त्यांना नीट उत्तर दिलंच नव्हतं.