बाई मोठ्यानं भ्याल्या

मुलीच्या परीक्षा केंद्राबाहेर तापलेल्या पत्र्याचा वास आला आणि भूकंपानंतरचा, पत्र्याच्या शेडमधला लातूरचा आमचा क्लास आठवला. शेखबाई फळ्यावर गणित सोडवताना मोठ्यानं बोलायच्या, "थांब, चुकलं माझं. मागं जाऊन बघते." आम्ही वैतागायचो, "बाई, उत्तर सांगा की!" बाईंनाच येत न्हाई, असं वाटायचं.

एकदा पत्रे थडथडले. जमीन हलली, आम्ही किंचाळलो. बाई त्याच आवाजात म्हणाल्या, "लई भ्याले मी. आता आधी काय? दार उघडते." त्यांच्यामागं आम्ही धक्काबुक्की न करता बाहेर पडलो. अडलं की तसंच मोठ्यानं बोलायची सवय मलाही लागली, घरीसुद्धा.

आज माझाच पाय एका जागी ठरत नव्हता. गेटपाशी मुलगी थबकली, पुटपुटली, "लई भ्याले मी. आता आधी काय? हॉल तिकीट."

हे मी तिला कधीच शिकवलं नव्हतं.