चौकसबुवांचा हात

रोपवाटिकेत कलमं बांधणाऱ्या या म्हाताऱ्याला सगळे चौकसबुवा म्हणत, आणि उगाच नाही. नळाला पाणी नसलं की लोक नळाला शिव्या घालतात, हे पाइप खोलून बसत. अलीकडे त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. बरोबर काम करणारी लेक म्हणाली, बाबा, चाकू ठेवा आता. बुवा म्हणाले, ठेवतो, पण हात खरंच गेलाय का ते आधी कळू दे.

दोघांनी चाळीस-चाळीस कलमं बांधली. बुवांची नऊ मेली, लेकीची सहा. बुवांनी बटणांचा डबा काढला. मेलेल्या कलमांची पंधरा काळी बटणं, जगलेल्यांची पासष्ट पांढरी. दोघांचे हात सारखेच असतील, तर कोणतं बटण कोणाच्या वाट्याला आलं हा नुसता योगायोग, असं म्हणत त्यांनी डबा हलवला, न बघता चाळीस बटणं वेगळी काढली आणि दोन्ही ढिगांतली काळी मोजली. पुन्हा डबा, पुन्हा मोजणी. तीनचा किंवा त्याहून मोठा फरक वरचेवर पडे.

"नुसत्या नशिबानेही एवढं होतंच की," बुवा खुशीत म्हणाले.

लेकीचा चेहरा मात्र पडला. शेवटी तिने सांगून टाकलं. जाड, सरळ बुंध्याची रोपं वेचून ती बाबांपुढे ठेवत आली होती आणि किडकिडीत स्वतःकडे घेत होती.

आता बोलणी बसणार म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. बुवांनी चष्मा पुसला. "म्हणजे सगळं मुसळ केरात. आता रोपं चिठ्ठ्या टाकून वाटू."

या खेपेला बुवांची सोळा मेली, लेकीची पाच. जेवणाची वेळ टळून गेली तरी बुवा डबा हलवत होते. एवढा फरक काही केल्या पडेना. त्यांना वाईट वाटलं, फार वाटलं. मग चाकू पुसून त्यांनी मुठीकडून लेकीपुढे धरला. तो घेताना तिचे डोळे भरून आले.

बुवांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते स्वतःचा डावा हात उलटसुलट करून बघत होते.

"हा थरथरत नाही गं," ते म्हणाले. "दुसरा चाकू आण. चिठ्ठ्या मी करतो."