सुंठेचा वास

स्टेट कॉलेज या अमेरिकेतल्या गावात मास्टर्स करताना मी एका चिनी मुलीबरोबर अपार्टमेंट शेअर करत होते. तिच्या टेबलावर एक जुना दगडी शिक्का असायचा, वर सिंह कोरलेला. एका सकाळी मला सणकून सर्दी झाली होती. काढ्यासाठी सुंठ ठेचायची होती आणि घरात बत्ता नव्हता. ती लॅबला गेली होती. म्हटलं, शिक्क्यानेच ठेचू आणि दोन मिनिटांत परत ठेवू. तिसऱ्याच घावाला शिक्क्याच्या कोपऱ्याचा टवका उडाला.

मी शिक्का घासून धुतला आणि फुटका कोपरा भिंतीकडे करून ठेवला. काढा राहिलाच. त्या संध्याकाळी तिने आपणहून सांगितलं, की शिक्का पणजोबांचा. चीनमध्ये क्रांतीच्या नावाखाली लोक घराघरांत घुसून जुन्या वस्तू फोडत होते, तेव्हा आजीने तो अंगणात पुरून वाचवला होता.

लीज तिच्या नावावर होतं. ही मला घराबाहेर काढेल, पोलिसांना बोलावेल, माझा व्हिसा जाईल! ती टेबलापाशी बसली की मी काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर जायचे. एवढी वटवट करणारी मी, पण तोंडातून एक सॉरी फुटेना.

मे महिन्यात मी घर सोडताना तिने तो शिक्का लाल शाईत बुडवून माझ्यासाठी कागदावर उठवला. एक कोपरा उमटलाच नाही. मी रडत सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी त्याला सुंठेचा वास येत होता. म्हणून तर आजीची गोष्ट सांगितली. वाटलं, आता तरी बोलशील."