एका चुलीवर वाढलेले

जव्हारच्या कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवतो. जोडीदाराच्या निवडीचं प्रकरण आलं की एरवी खिडकीबाहेर बघणारी पोरंही सावरून बसतात. बायका पुरुषात काय बघतात, पुरुष बायकांत काय बघतात, उत्क्रांतीच्या रेट्यात ही आवडनिवड कशी घडत गेली, हे मी मोठ्या ऐटीत सांगतो. फक्त एक पान आलं की माझी ऐट उतरते. लहानपणी एका घरात वाढलेल्या मुलामुलींना मोठेपणी एकमेकांची ओढ सहसा वाटत नाही, असं त्या पानावर आहे. जवळच्या रक्तात लग्नं होऊ नयेत म्हणून निसर्गानं करून ठेवलेली ही सोय. पण मेंदूला रक्त तपासता येत नाही. लहानपणी शेजारी बसून कोण जेवत होतं, एवढंच तो बघतो. हे सांगून मी पटकन पान उलटतो.

माझं गाव जामसर. बाप गेला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमच्यात लग्नात मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी देज द्यायचं असतं. ज्याची तेवढी ऐपत नाही, तो मुलीच्या घरी राहून राबतो आणि घरजावई होतो. ही रीत खरं तर जाणत्या पोरांसाठी. आईनं घाई केली. पोशेऱ्याला तिच्या ओळखीचं एक घर होतं. थोडी भातखाचरं, उतारावर नागली, आणि मुलगा नाही. एकच मुलगी, चार वर्षांची. मला तिकडे नेताना आई वाटेत ओढ्याशी टेकली आणि म्हणाली, "त्या घरची पोर तुजी नवरी. नीट ऱ्हा, मन लावून काम कर." लग्न म्हणजे काय ते मला कळत नव्हतं. आता मला कुणीतरी आहे, एवढं कळलं आणि रडू थांबलं.

त्या घरात मी मामा-मामी म्हणत वाढलो. शाळेआधी गुरं, उन्हाळ्यात पालापाचोळा पेटवून राब भाजणं, पावसाळ्यात आवणी, म्हणजे भाताची लावणी. पोरगा गुणाचा निघाला, असं मामा येईल-जाईल त्याला सांगायचे. गुण कसला डोंबलाचा! चिखलात वाकून मी माझं लग्न कमावत होतो. गंमत अशी की, ज्या मुलीसाठी कमावत होतो तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एवढ्याशा पोरीला काय सांगायचं, मोठी झाली की सांगू, असं घरात ठरलं होतं. मला मात्र दारात पाऊल टाकण्याआधीच सांगून झालं होतं. मोठ्यांची ती लपवाछपवी आम्हा दोघांना फार महागात पडली.

तिच्या लेखी मी कोण होतो? तिचं नाक पुसणारा, तिला पाठकुळी घेऊन ओढा ओलांडणारा, तिच्या वाट्याची करपलेली भाकरी मुकाट खाणारा. शाळेत राखीपौर्णिमेला मुली सगळ्या मुलांना राख्या बांधत. ह्याला तेवढी बांधायची नाही, असं मामी तिला बजावून पाठवायची. का, ते सांगायची नाही. एका वर्षी ती घरी येऊन खूप रडली आणि भाताच्या पेंढ्याचा वेढा करून तिनं तो माझ्या मनगटाला बांधला. मामीनं तो काढून चुलीत टाकला. ती आणखी रडली, आणि मला मनातून गुदगुल्या झाल्या. त्या गुदगुल्या आठवल्या की आज मला माझीच कीव येते.

मी जव्हारला नोकरीला लागलो, तेव्हा तिला एकदाचं सांगण्यात आलं. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो, तर ती खळ्यावर भात झोडत होती. हातातला पेंढा खाली ठेवून ती माझ्यासमोर बसली.

"बा काय बोलतो त्ये आयकलास?" ती म्हणाली. "तुज्यासंगं कसा व्हईल? तू त माजा भाऊस."

मग खाली बघत तिनं साखरशेतच्या एका मुलाबद्दल सांगितलं. तारप्याच्या नाचात ओळख झाली होती. बाला सांगायची तिची छाती होत नव्हती. "बा तुजा आयकल. तूच सांग," ती म्हणाली.

आणि मी सांगितलं. त्या घरात तिनं सांगितलेलं काम मी कधी टाळलं नव्हतं, हेही टाळता आलं नाही. मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून बाहेर निघून गेले.

साखरशेतच्या त्या मुलाशी तिचं लग्न लागलं, तेव्हा नवऱ्याचा कान पिळायची वेळ आली. तो मान नवरीच्या भावाचा, आणि तिला सख्खा भाऊ नाही. बायका इकडेतिकडे बघू लागल्या. मुंडावळ्यांआडून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो आणि कान पिळला. जरा जास्तच पिळला असावा, कारण नवरा कळवळला आणि सगळा मांडव हसला.

पुस्तकातलं ते पान मला नंतर भेटलं. आईनं मला वसतिगृहात ठेवलं असतं आणि मी परक्या गावचा पोरगा म्हणून तारप्याच्या नाचात तिला पहिल्यांदा दिसलो असतो तर, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मी लग्न केलं नाही. स्थळं आली, मीच टाळली.

दर भाऊबीजेला ती साखरशेतहून माझ्याकडे येते. गेल्या दिवाळीत निरांजन लावता लावता तिनं विचारलं, सध्या पोरांना काय शिकवतोस? मी ते पान तिला आमच्या बोलीत सांगितलं. ती वात पुढे सारायची थांबली.

"म्हंजी माजी चूक नव्हती?"

"नव्हती."

"इतकी वरसा माला वाटं, मीच तुजा मन मोडला." तिचे डोळे भरून आले. "मंग तुलापन तसाच वाटत असल, नाय? भयनीसारखा?"

एका घरात वाढलो तरी मला ती बहीण कधीच वाटली नाही. त्या ओढ्यापाशी आईनं मला काय सांगितलं होतं, हे तिला आजही ठाऊक नाही.

"हो, मलापन तसाच," मी म्हणालो. "पुस्तकातच आहे ना."

ती हसली. लग्नानंतर तिला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. कुंकवात बोट बुडवून ती पुढे झाली आणि मध्येच थांबली.

"मंग लगीन का नाय केलास?"

मी टोपी सारखी केली आणि कपाळ पुढे केलं.